पुणे की जर्मनी: निर्णयाआधी दोन्हीकडचं राहणीमान कसं ताडून पाहावं

जर्मनीतल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की घरात पहिला हिशोब ठरलेला असतो: आकडा गुणिले शंभर. साठ हजार युरो म्हणजे साठ लाख रुपये! मग पुढची सगळी चर्चा त्या साठ लाखांभोवती फिरते. त्या गुणाकाराऐवजी काय करायचं, हे सांगायला हा लेख लिहितो आहे. आम्ही पुण्याहून श्टुटगार्टच्या परिसरात राहायला आलो, आणि त्यानंतर निघण्याच्या तयारीत असलेल्या बऱ्याच ओळखीच्या कुटुंबांसोबत बसून ही तुलना कागदावर मांडली. उदाहरणं पुणे आणि दक्षिण जर्मनीची आहेत. नवरा-बायको, एक मूल आणि मागे भारतात आई-बाबा, असं घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे. तुमचं घर वेगळं असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच राहतील.

माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. ‘जर्मनी चांगली की भारत’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाचा आठवडा तिथे कसा जाईल’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बऱ्याच अंशी निघण्याआधीच मिळू शकतं.

आधी हे गोळा करा

- जर्मन कंपनीच्या कराराची पूर्ण प्रत: वार्षिक ब्रुटो (कर आणि वर्गण्या कापण्याआधीचा) पगार, कामाचे तास, सुट्ट्या, प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड
- दोघांच्याही भारतातल्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६
- मागच्या बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा तपशील
- गृहकर्ज, वाहनकर्जाचे हप्ते. शाळेची फी आणि बसची पावती
- तुमच्या आणि आई-बाबांच्या मेडिक्लेमच्या पॉलिसी, त्यांच्या औषधांची यादी
- मुलाचं लसीकरणाचं कार्ड
- एक एक्सेल शीट: डावीकडे पुण्यातला महिना, उजवीकडे जर्मनीतला

बारा महिन्यांचं स्टेटमेंट मुद्दाम मागतो आहे. ‘आमचा खर्च महिना साठ हजार’ असं तोंडाने सांगणाऱ्या घराचा खरा खर्च हमखास त्याहून बराच जास्त निघतो. गणपती-दिवाळी, लग्नकार्यं, गाडीचा इन्शुरन्स, शाळेची टर्म फी हे सगळं वर्षात पसरलेलं असतं आणि महिन्याच्या अंदाजात येत नाही.

१. क्रमवाऱ्या एकदा वाचा आणि बाजूला ठेवा

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात १९३ देशांत जर्मनी ५ व्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे. निर्देशांक खोटा नाही. पण तो आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि दरडोई उत्पन्न या तीन गोष्टींची सरासरी मांडतो, आणि ती सरासरी १४० कोटी माणसांची असते. बाणेरमध्ये स्वतःचा फ्लॅट, दोन पगार आणि घरकामाला मावशी असलेलं कुटुंब त्या सरासरीच्या फार वर असतं. जर्मनीत मात्र तेच कुटुंब सरासरीच्या आसपास जाऊन बसतं. ही घसरण कुठल्याच क्रमवारीत दिसत नाही, आणि आल्यावर पहिल्या वर्षी बोचते ती हीच.

नम्बिओसारख्या, शहरांच्या राहणीखर्चाची तुलना करणाऱ्या साइटवरचे भाव वापरणाऱ्यांनी स्वतः भरलेले असतात. मोठ्या शहरांचा अंदाज त्यातून येतो, पण वीस-तीस हजार वस्तीच्या गावासाठी त्यावर विसंबू नका. जर्मनीतल्या नोकऱ्यांचा मोठा भाग अशाच गावांत आहे.

क्रयशक्तीचा हिशोब मात्र समजून घ्या. बाजारात एका युरोला साधारण शंभर रुपये मिळतात. पण भारतात सुमारे तीस रुपयांत जे मिळतं, तेवढ्याला तिथे एक युरो लागतो, असं हे गुणोत्तर ढोबळमानाने सांगतं. म्हणून माझा नियम असा: तिथेच खर्च होणारा युरो तिथल्या भावाने मोजा. शिल्लक राहून भारतात येणारा युरो तेवढा शंभराने गुणा. या एका नियमाने निम्मे वाद मिटतात.

२. देश सोडा, पत्ता धरा

म्युनिकमध्ये आज नवीन करार करायचा तर चौरस मीटरला वीस युरोच्या पुढे भाडं जातं. लाइपझिगमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. पगारात मात्र दुपटीचा फरक नसतो. म्हणजे एकाच देशातल्या दोन ऑफर्समध्ये पुणे-जर्मनीइतकंच अंतर असू शकतं. ऑफिसचा नेमका पत्ता नकाशावर टाका, त्याच्याभोवती लोकल ट्रेनने चाळीस मिनिटांत येणारी गावं शोधा, आणि तिथल्या भाड्याच्या जाहिराती रोज थोड्या, महिनाभर बघत राहा. एका दिवसात पाहिलेल्या जाहिरातींवरून चित्र कळत नाही.

पुण्याच्या बाजूलाही तीच शिस्त ठेवा. ‘पुणे’ म्हणजे काय? हिंजवडीत नोकरी आणि हडपसरला घर असणाऱ्याचं पुणे वेगळं, कोथरूडला राहून घरून काम करणाऱ्याचं वेगळं. तुम्ही सोडणार आहात ते तुमचं पुणे.

३. सीटीसी आणि ब्रुटो एका रकान्यात लिहू नका

भारतातल्या सीटीसीमध्ये (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. जर्मन ब्रुटोमध्ये कंपनीचा वाटा धरलेला नसतो. तो कंपनी वेगळा, वरून भरते. उलट ब्रुटोमधून तुमचा आयकर आणि चार वर्गण्या जातात: पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा (परावलंबी झाल्यावर लागणाऱ्या देखभालीसाठीचा).

वर्षाला ६०,००० युरो ब्रुटो असेल तर महिना ५,००० होतात. एकट्या माणसाच्या, म्हणजे करवर्ग एकमधल्या (लग्न झालं आहे का, जोडीदार कमावतो का, यावरून पगारातून कर कापण्याचे जे वर्ग ठरतात त्यातला), हातात त्यातले सुमारे ३,१०० येतात. जोडीदार कमावत नसेल आणि करवर्ग तीन घेतला, तर मूल असलेल्या घरात सुमारे ३,५०० येतात. शिवाय प्रत्येक मुलामागे सरकारकडून किंडरगेल्ड मिळतं, २०२६ मध्ये महिना २५९ युरो. इंटरनेटवर ‘ब्रुटो नेटो रेखनर’ (हातात येणारा पगार काढून देणारा कॅल्क्युलेटर) शोधा आणि तुमचे आकडे तुम्हीच घालून पाहा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला करवर्गाचा. दोघंही नोकरी करू लागलात की एकाने करवर्ग तीन आणि दुसऱ्याने पाच अशी जोडी केली, तर ज्याचा पगार कमी, म्हणजे वर्ग पाचमधल्याच्या, हातात फारच थोडं येतं. वर्षाअखेरच्या विवरणपत्रात हिशोब सरळ होतो, पण दर महिन्याला ती स्लिप पाहून त्या माणसाचा हिरमोड होतो. शिवाय बेरोजगारी भत्ता आणि पालकत्वाच्या सुट्टीतला भत्ता हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात. करवर्ग निवडताना हे ध्यानात ठेवा.

दुसरा चर्चच्या कराचा. पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा काही प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य असाल तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चचा कर वेगळा कापला जातो. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम कुटुंबांना तो लागत नाही. वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांनी ही रक्कम हिशोबात आधीच धरावी.

तिसरा सगळ्यात मोठा. पगार एका मर्यादेच्या वर असला (२०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरो) की खासगी आरोग्य विमा घेण्याची मुभा मिळते आणि एजंट मागे लागतात. तरुण, एकट्या माणसाला हप्ता स्वस्त दिसतो. पण खासगी विम्यात बायको-मुलांचा हप्ता प्रत्येकी वेगळा भरावा लागतो, आणि सरकारी व्यवस्थेत परत येणं अवघड असतं. सरकारी विमा संस्थेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात. कुटुंब घेऊन येणाऱ्याने सरकारी विमाच धरावा, असं मी कुणालाही सांगेन.

४. घर: भाड्याच्या आकड्यात काय नसतं

जाहिरातीत काल्टमीटं आणि वार्ममीटं असे दोन आकडे असतात. पहिलं नुसतं जागेचं भाडं. दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे येतं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा दोन्हींच्या बाहेर. प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो भरावीच लागते, घरात टीव्ही नसला तरी.

क्षेत्रफळ वाचताना मात्र दिलासा आहे. जर्मन चौरस मीटर म्हणजे आतली वापराची जागा, सुपर बिल्टअपची भानगड नाही. ७५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ८०० चौरस फूट कार्पेट, पुण्यातल्या चांगल्या टू बीएचकेइतकं.

आता सापळा: रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचा ओटा, सिंक, शेगडी, कपाटं यातलं काहीही नसतं. छताला दिवेही नसतात, नुसत्या वायरी लोंबतात. स्वयंपाकघर नवीन बसवायचं तर काही हजार युरो बाजूला काढा, किंवा ‘आइनबाउक्युशं’सह (बसवलेल्या स्वयंपाकघरासह) असलेलीच घरं शोधा. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकी घेता येते. म्हणजे पहिल्या महिन्यात भाडं, अनामत आणि सामान मिळून एक मोठी रक्कम तयार हवी. ती तुमच्या रुपयांतल्या बचतीतून जाणार आहे, हे विसरू नका.

घर न दाखवता ‘आधी डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’ म्हणणारा प्रत्येक जण फसवणारा असतो. याला अपवाद धरू नका. पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणारं तात्पुरतं घर घ्या, महाग पडलं तरी. फक्त त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का हे लेखी विचारा, कारण पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय करक्रमांक आणि पुढचं बरंच काही अडून बसतं.

५. आता महिना मांडा

श्टुटगार्टच्या परिसरातल्या तिघांच्या घराचा, एका पगारावरचा माझ्या अंदाजाने धरलेला महिना असा:

- हातात: पगार ३,५०० + किंडरगेल्ड २५९ = ३,७५९ युरो
- वार्म भाडं: १,४५०
- वाणसामान, भाजी, दूध: ५५०
- वीज, इंटरनेट, रेडिओ वर्गणी: १३०
- दोघांची डॉइचलांड तिकिटं (देशभरच्या लोकल ट्रेन-बसचा मासिक पास), प्रत्येकी ६३: १२६
- बालवाडी आणि तिथलं जेवण: ३५०
- दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर) आणि इतर छोटे विमे: ४०
- कपडे, बूट, बाहेर खाणं, किरकोळ: २००
- वर्षातून एकदा भारतात येण्यासाठी बाजूला: २५०

शिल्लक साधारण ६६० युरो, म्हणजे ६६ हजार रुपये.

हेच घर पुण्यात २० लाख सीटीसीवर असेल तर हातात महिना १ लाख ३० हजारांच्या आसपास येतात. भाडं किंवा हप्ता, वाणसामान, मावशी, शाळा, पेट्रोल, मेडिक्लेम धरून ९० हजार गेले तर ४० हजार उरतात. त्यात दोन्ही वाट्यांचा पीएफ धरला तर बचत ५५ हजारांच्या घरात जाते.

६६ आणि ५५. साठ लाख आणि वीस लाख यांच्यातलं अंतर शिल्लकीत एवढंच उरतं. जर्मन पेन्शनची वर्गणीही जमा होत असते, पण त्या पेन्शनचा हक्क किमान ५ वर्षांच्या वर्गणीनंतर मिळतो आणि पैसे म्हातारपणीच हातात येतात. आणि पुण्यात दोन पगार असतील, तर एका पगारावर जर्मनीला जाणं म्हणजे पैशात सरळ तोटा आहे.

हा आकडा पाहून खट्टू होऊ नका. उलट त्यामुळे विचार मोकळा होतो. पैसा दोन्हीकडे साधारण सारखाच असेल, तर निर्णय उरलेल्या गोष्टींवर घेता येतो. त्या पुढे.

६. जोडीदाराची नोकरी

सगळ्या तुलनेत जास्तीत जास्त कुटुंबं जिथे कमी पडतात ती ही पायरी. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा युरोपीय वास्तव्य परवाना) येणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि जर्मनीत आल्यावर नोकरीला पूर्ण मोकळीक असते. (२०२६ मध्ये ब्लू कार्डसाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, कमतरता असलेल्या व्यवसायांना आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना ती कमी.) कागदावर सगळं खुलं असतं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर सोडलं तर बहुतेक नोकऱ्यांना बी-वन, बी-टू, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन लागतं. शिक्षिका, वकील, सीए, फिजिओथेरपिस्ट, बँकेत काम करणारी व्यक्ती: यांना पुन्हा उभं राहायला भाषा आणि पदवीची मान्यता मिळून दोन-तीन वर्षं सहज लागतात.

म्हणून शीटमध्ये जोडीदारासाठी स्वतंत्र पान करा. पदवीची मान्यता लागते का? लागत असेल तर कुठल्या राज्याचं कोणतं कार्यालय देतं? विद्यापीठ ‘आनाबिन’ या परदेशी विद्यापीठांच्या आणि पदव्यांच्या सरकारी यादीत कसं नोंदलं आहे? त्याच क्षेत्रातल्या दहा जाहिराती वाचून किती ठिकाणी जर्मन अनिवार्य आहे ते मोजा.

पुण्यातून येणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमुळे जर्मन शिकायची परंपरा या शहरात जुनी आहे. ऑफर येण्याची वाट पाहू नका. ज्याला नोकरी मिळाली आहे त्याच्यापेक्षा ज्याला शोधायची आहे त्याने आधी वर्ग लावावा. ऑफिसात इंग्रजी चालतं. बालवाडीतल्या बाईंशी, दवाखान्याच्या फोनवर आणि शेजारच्या आजींशी जर्मनच लागतं, आणि ही सगळी कामं घरी असलेल्या माणसावर येतात.

७. मुलं

जर्मनीत एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बालवाडीतल्या जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क आहे, जागा मात्र दुर्मिळ. पत्ता मिळताच त्या गावाच्या संकेतस्थळावर अर्ज टाका. फी गावोगावी वेगळी असते. बर्लिनमध्ये जवळपास शून्य, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये (श्टुटगार्टचं राज्य) चांगलीच. गोवरच्या लसीचा पुरावा नसेल तर बालवाडीत घेत नाहीत, म्हणून ते कार्ड सांभाळून आणा.

शाळा फुकट आणि सक्तीची. घरी शिकवण्याची परवानगी नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट वेगळी होते: गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशुलं (दहावीपर्यंतची मधली शाळा) वगैरे. बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये ही फाटाफूट सहावीनंतर. म्हणून मुलाचं वय हा तुलनेतला फार मोठा घटक आहे. चार-पाच वर्षांचं मूल वर्षभरात जर्मन बोलू लागतं. नऊ-दहाव्या वर्षी आलेल्या मुलाकडे भाषा पक्की करून त्या वळणाला सामोरं जायला वेळच नसतो. आठवी-नववीतलं मूल असेल तर दहावी पुण्यातच होऊ द्यावी का, याचा विचार करा. आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण त्यांच्या फीने वरचा ताळेबंद पार कोलमडतो.

मुलांच्या बाबतीत जर्मनीच्या बाजूने मी जोर देऊन सांगेन अशी गोष्ट म्हणजे रस्ता. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. जर्मनीत सुमारे २,८००. लोकसंख्येच्या प्रमाणात काढलं तरी भारतातला धोका साडेतीन पटींच्या वर आहे. इथे पहिली-दुसरीतली मुलं गटागटाने पायी शाळेत जातात. आई-वडिलांच्या मनावरचा हा भार उतरणं एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला ठाऊक नाही, पण लिहाच.

८. आजारपण

पुण्यात कान दुखला तर संध्याकाळी पाचला तज्ज्ञ डॉक्टर भेटतात, आठशे रुपये दिले की झालं. जर्मनीत त्वचारोग किंवा हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. आधी घराजवळचा नेहमीचा डॉक्टर गाठायचा, तोही नवीन पेशंट घेतो का विचारून. तातडीचं नसलेलं पण थांबण्यासारखंही नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, हे दोन नंबर फोनमध्ये ठेवा.

उलट मोठ्या आजारात चित्र पालटतं. कॅन्सर, मोठी शस्त्रक्रिया, नवजात बाळाचं अतिदक्षता विभागातलं महिनाभराचं राहणं: सरकारी विमा असेल तर रुग्णालयाचे दिवसाला १० युरो (वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस) आणि औषधांमागे ५ ते १० युरो, एवढंच खिशातून जातं. रूम रेंटची मर्यादा नाही, कॅशलेस नाकारलं म्हणून रात्री दोनला पैसे जमवणं नाही. आजारी पडल्यावर पहिले ६ आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, पुढे विमा संस्था काही भाग देते. नोकरी गेली तर, किमान १२ महिने वर्गणी भरलेली असल्यास, हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के भत्ता मिळतो.

छोट्या दुखण्यात पुणे सोयीचं, मोठ्या संकटात जर्मनी. घरात जुनं दुखणं असलेलं कुणी असेल तर त्याचं औषध जर्मनीत कुठल्या नावाने मिळतं ते आधी शोधा आणि पहिल्या तीन महिन्यांचा साठा, प्रिस्क्रिप्शनसह, सोबत आणा.

९. आई-बाबा

हे पान सगळ्यात शेवटी लिहिलं जातं आणि परतायचं कारण बहुतेक वेळा तेच ठरतं. म्हणून थोडं सविस्तर.

भेटीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना कायमचं आणण्याची तरतूद कायद्यात आली आहे. पण त्यांचा संपूर्ण खर्च आणि आरोग्य विमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि तुमच्या सरकारी विम्यात आई-वडील येत नाहीत. पासष्ट-सत्तरीच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला परवडणारा विमा मिळवणं हीच अडचण आहे. ‘नंतर बोलावून घेऊ’ यावर बेत आखू नका.

त्यापेक्षा ते भारतातच राहणार असं धरून व्यवस्था लावा, आणि तिचा खर्च तुमच्या जर्मनीच्या रकान्यात धरा: मेडिक्लेमचे हप्ते, दिवसा किंवा पूर्णवेळ सोबत राहणारी बाई, वर्षातून एकदा अचानक काढावं लागणारं विमानाचं तिकीट. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण २०२४ पासून आहे. त्याचं कार्ड निघण्याआधी काढून द्या आणि घराजवळचं कोणतं रुग्णालय ते स्वीकारतं हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. बँक खात्यांवर नॉमिनी, एखाद्या भावंडाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांकडे घराची चावी, ही कामं तिकीट काढायच्या आधीची.

आणि त्यांच्याशी बोला. दोघांशी वेगवेगळं बोला. ‘तुम्ही जा, आमची काळजी करू नका’ हे बाबा सगळ्यांसमोर म्हणतातच. आई स्वयंपाकघरात वेगळं काही सांगते.

१०. वेळ, हवा आणि ऊन

जर्मनीत कायद्याने आठवड्यात पाच दिवस कामाला वर्षाला किमान २० सुट्ट्या. बऱ्याच कंपन्या २८ ते ३० देतात, आणि सुट्टीवर असताना फोन येत नाही. संध्याकाळी साडेपाचला घरी पोचलेला बाप इथे सर्वसाधारण दृश्य आहे. पण त्या वेळेतला मोठा भाग भांडी, केर-लादी, इस्त्री, स्वयंपाक यात जातो, कारण मावशी नाहीत. खरा मोकळा वेळ किती उरतो हे त्या घरात ही कामं कोण करतं त्यावर ठरतं. पुण्यात ज्याने कधी कुकर लावला नाही त्याने निघण्याआधी दोन महिने तरी मावशींना सुट्टी देऊन पाहावं. दोघांनाही अंदाज येतो.

हवेचा फरक आकड्यांतही आहे. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ मायक्रोग्रॅम असावी. युरोपात सध्या कायद्याची मर्यादा २५ आहे आणि २०३० पर्यंत ती १० वर येणार, भारताची ४०. दम्याचा त्रास असलेलं मूल घरात असेल तर ही ओळ शीटमध्ये सगळ्यात वर घ्या.

आता ऊन. श्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याआधीही तो दिसेलच असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनेकांना जड जातो, विशेषतः घरी असलेल्या माणसाला. रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. पुण्यात आपल्याला कंटाळा आला की खाली उतरलं तरी चार माणसं भेटतात. इथे माणसं ठरवून, आठवडाभर आधी वेळ घेऊन भेटतात. म्युनिक, फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट, बर्लिन इथे मराठी मंडळी गणपती-दिवाळी एकत्र साजरी करतात; राहायचं गाव ठरवताना तिथवर पोचायला किती वेळ लागतो तेही बघा.

११. परतीची वाट आधीच आखा

ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. नागरिकत्वासाठी ५ वर्षं. जर्मनी २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवते, भारत चालवत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं) काढावं लागतं. ते कार्ड असलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांचं गावी शेत आहे त्यांनी हे घरात सगळ्यांशी बोलून ठेवावं.

भारतातली साधी बचत खाती एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) बदला. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, नवीन उघडता येत नाही. पुण्यातलं घर भाड्याने द्यायचं तर करार ११ महिन्यांचा करा, म्हणजे परतायची वेळ आली तर हातात राहील.

एक तारीख ठरवून कॅलेंडरमध्ये लिहा: मूल तिसरीत जाण्याआधीचा उन्हाळा. त्या वेळी हेच शीट पुन्हा उघडायचं आणि घरातल्या प्रत्येकाने आपलं पान स्वतः भरायचं. चौथीनंतरच्या फाट्याआधी निर्णय झाला तर मूल दोन्हीकडे सामावतं.

१२. शक्य असेल तर आधी जाऊन राहा, आणि जानेवारीत जा

मे-जूनमध्ये जर्मनी पाहिलेला माणूस नाही म्हणूच शकत नाही. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, नदीकाठी सगळं गाव. म्हणून जानेवारीत जा, हॉटेल सोडून भाड्याच्या घरात राहा, जोडीदाराला सोबत न्या. सकाळी साडेसातला ऑफिसच्या दिशेची ट्रेन पकडा. सुपरमार्केटमध्ये आठवड्याचं सामान भरून पिशव्या स्वतः घरी आणा. जवळच्या बालवाडीत जाऊन जागेबद्दल विचारा, जर्मनमध्ये, जेवढं येतं तेवढ्यात. एक रविवार घरात काढा. संध्याकाळी शीट उघडून उजवीकडचे रकाने तिथेच बसून दुरुस्त करा, परत आल्यावर आठवणीने भरू नका.